दोन ब्लूबेल, एकच फ्लॉवर क्लास: एका नोंदीची उकल

जहाजांच्या जुन्या छायाचित्रांचा एक खासगी संग्रह आहे. त्याच्या यादीतली एक नोंद जशीच्या तशी देतो:

‘एचएमएस ब्लूबेल. ब्रिटिश नौदल. फ्लॉवर क्लास गस्ती नौका. बांधणी 1915. एप्रिल 1916 मध्ये आयर्लंडजवळ शस्त्रं घेऊन आलेलं जर्मन जहाज अडवलं. ऑक्टोबर 1940 मध्ये एससी-7 काफिल्याचं संरक्षण. 17 फेब्रुवारी 1945 रोजी कोला खाडीजवळ पाणबुडीच्या टॉर्पेडोने बुडाली.’

नोंदीसोबत एक कृष्णधवल छायाचित्र. त्यावर तारीख नाही. मागे पेन्सिलीने ‘ब्लूबेल, फ्लॉवर’ एवढंच लिहिलेलं.

नोंदीतलं एकेक वाक्य सुटं काढून तपासलं तर प्रत्येक घटना खरी निघते. 1915 साली ब्लूबेल बांधली गेली, 1916 साली ब्लूबेलने जर्मन जहाज अडवलं, 1940 साली ब्लूबेल त्या काफिल्यासोबत होती आणि 1945 साली ब्लूबेल बुडाली. नावही बरोबर, क्लासही बरोबर. तरी सगळं मिळून ज्या नौकेचं चरित्र उभं राहतं, ती नौका कधी अस्तित्वातच नव्हती. दोन वेगवेगळ्या नौकांची आयुष्यं एकापुढे एक जोडली गेली आहेत, आणि जोडणारा सांधा आहे ‘फ्लॉवर क्लास’ हे दोन शब्द. (क्लास म्हणजे एकाच धर्तीवर बांधलेल्या नौकांचा वर्ग.)

संग्रहाच्या मालकांना शंका आली नव्हती, आणि त्याबद्दल त्यांना दोष देता येत नाही. ‘अहो, दोन्ही पुस्तकांत फ्लॉवर क्लासच लिहिलंय,’ असं ते म्हणाले. खरंच लिहिलेलं असतं. म्हणूनच हे प्रकरण सविस्तर मांडावंसं वाटलं.

वयाची शंका पुरेशी नाही

नोंद वाचताना आधी खटकतं ते वय. घाईघाईत, व्यापारी जहाजांच्या पद्धतीने बांधलेली एक छोटी युद्धनौका तीस वर्षं टिकून दुसऱ्या महायुद्धात आर्क्टिकच्या समुद्रात कशी काय लढेल? प्रश्न रास्त आहे, पण त्यावरून निकाल देता येत नाही. 1915 साली बांधलेल्या फ्लॉवर क्लासमधल्या रोझमेरी आणि फॉक्सग्लोव्ह या दोन नौका दुसऱ्या महायुद्धातही ब्रिटिश नौदलाच्या सेवेत होत्या आणि युद्ध संपल्यावरच त्या मोडीत निघाल्या. म्हणजे 1940 साली एकाच नौदलात दोन फ्लॉवर क्लास एकाच वेळी समुद्रावर होते. ‘छायाचित्र दुसऱ्या महायुद्धातलं आहे, तेव्हा नौका नवीच असणार’ हा तर्क इथे फसतो. वय हे शंका घ्यायचं कारण आहे, एवढंच. निकालासाठी पुरावा दुसरीकडे शोधावा लागतो.

पहिली ब्लूबेल

पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि ब्रिटिश नौदलाला समुद्री सुरुंग काढणाऱ्या नौकांची तातडीने गरज भासली. नेहमीचे नौदली कारखाने मोठ्या युद्धनौकांत गुंतलेले. मग व्यापारी जहाजं बांधणाऱ्या कारखान्यांना जमेल असा सोपा आराखडा काढला गेला आणि 1915 पासून या नौका भराभर पाण्यात उतरू लागल्या. त्या स्लूप प्रकारच्या होत्या: विनाशिकेपेक्षा हळू आणि स्वस्त, पण खवळलेल्या समुद्रात टिकाव धरणाऱ्या. त्यांना फुलांची नावं दिली, म्हणून सगळ्या मिळून फ्लॉवर क्लास. खलाशी त्यांना ‘कोबी क्लास’ म्हणायचे.

या पहिल्या फ्लॉवर क्लासच्या पोटात पाच गट आहेत, आणि पाचही गटांची नावं फुलझाडांचीच: अकेशिया, अझेलिया, अरॅबिस, ऑब्रिशिया आणि अँकुसा. पहिले तीन गट मुख्यतः सुरुंग काढण्यासाठी. शेवटचे दोन काफिल्यांसोबत जाण्यासाठी, आणि लांबून पाहणाऱ्या पाणबुडीला साधं व्यापारी जहाज वाटावं असं रूप दिलेले. ब्रिटिश नौदलासाठी पाचही गट मिळून 112 नौका झाल्या. शिवाय अरॅबिस गटाच्या धर्तीवर आठ नौका फ्रान्ससाठी बांधल्या गेल्या.

ब्लूबेल अकेशिया गटातली. लांबी सुमारे 80 मीटर, वजन सुमारे 1,200 टन, दोन धुराडी, कोळशावर चालणारं वाफेचं इंजिन, एकच प्रोपेलर. सुरुंगाच्या स्फोटात तग धरावी म्हणून पुढच्या भागाला पत्र्यांचे जादा थर दिलेले. तोफा साध्याच, 12 पौंडी.

आयर्लंडच्या दक्षिणेला क्वीन्सटाउन नावाचं बंदर होतं, आजचं कोव्ह. ब्लूबेल तिथून काम करायची. एप्रिल 1916 मध्ये डब्लिनला बंड व्हायच्या बेतात होतं आणि बंडखोरांसाठी जर्मनीने सुमारे 20,000 रायफली पाठवल्या होत्या. त्या आणणारं जहाज होतं लिबाऊ. त्याला नॉर्वेच्या ऑड या जहाजाचं सोंग दिलेलं, कप्तान कार्ल स्पिंडलर. ट्रॅली उपसागरात शस्त्रं उतरवून घ्यायला कुणी आलंच नाही. परत फिरलेलं ऑड 21 एप्रिलला ब्रिटिश गस्तीच्या जाळ्यात सापडलं. ब्लूबेलने त्याला आपल्यासोबत क्वीन्सटाउनकडे यायला लावलं. 22 एप्रिलला बंदराच्या तोंडाशी आल्यावर स्पिंडलरने जर्मन झेंडा चढवला, माणसं होड्यांत उतरवली आणि शस्त्रांसकट जहाज स्वतःच बुडवलं. आयर्लंडच्या इतिहासात या घटनेचं महत्त्व मोठं आहे. ब्लूबेलचं नाव तिथल्या वाचकांना आजही ठाऊक आहे ते याच एका प्रसंगामुळे.

ही ब्लूबेल 1930 मध्ये भंगारात विकली गेली. आपल्या नोंदीच्या दृष्टीने हे साल सगळ्यांत मोलाचं, आणि नेमकं तेच नोंदीत नव्हतं.

दुसरी ब्लूबेल

1939 च्या उन्हाळ्यात युद्धाची चाहूल स्पष्ट झाली आणि नौदल पुन्हा त्याच अडचणीत सापडलं. किनारी काफिल्यांसाठी लहान नौका हव्यात, लवकर हव्यात, आणि नौदली कारखान्यांना सवड नाही. टीस नदीवरच्या स्मिथ्स डॉक या कंपनीतले विल्यम रीड यांनी 1936 सालच्या सदर्न प्राइड या देवमासे पकडणाऱ्या जहाजावरून आराखडा तयार केला. सुरुवातीला या नौकांना देवमाशांच्या जहाजांच्या धर्तीवरच्या गस्ती नौका असंच म्हटलं जायचं. ‘कॉर्व्हेट’ हे जुनं नाव त्यांना नंतर मिळालं. संग्रहाच्या नोंदीत ‘गस्ती नौका’ आलं ते बहुधा तिथूनच. पहिली ग्लॅडिओलस, 1940 च्या सुरुवातीला पाण्यात उतरली. पुढे ब्रिटन आणि कॅनडात मिळून या प्रकारच्या अडीचशेहून अधिक नौका झाल्या.

आपली दुसरी ब्लूबेल पेझलीच्या फ्लेमिंग अँड फर्ग्युसन कारखान्यातली. जलावतरण एप्रिल 1940, नौदलात दाखल जुलै 1940, पेनंट क्रमांक (नौकेच्या बाजूवर रंगवलेला ओळख क्रमांक) के-80. लांबी साडेबासष्ट मीटर, एक धुराडं, पुढे उंच चौथऱ्यावर चार इंची एकच तोफ, मागे डेप्थ चार्ज, म्हणजे पाणबुडीवर टाकायचे पाण्याखाली फुटणारे बाँब. वेग सोळा नॉट, म्हणजे ताशी सोळा सागरी मैल. जर्मनांची सातव्या प्रकारची पाणबुडी पाण्याच्या पृष्ठभागावर सतरा नॉटच्या वर जाऊ शकत असे. म्हणजे जिचा पाठलाग करायचा, तीच जास्त वेगवान.

नौदलात येऊन तीनच महिने झाले होते, तेव्हा ब्लूबेल एससी-7 काफिल्याला जाऊन मिळाली. हा काफिला 5 ऑक्टोबर 1940 रोजी कॅनडातल्या नोव्हा स्कोशियातल्या सिडनी बंदरातून निघाला, 35 जहाजांचा. अटलांटिक ओलांडताना बराच काळ सोबतीला स्कारबरो ही एकच स्लूप होती. 17 तारखेला ब्लूबेल आणि फोवी आल्या, पुढे लीथ आणि हार्टसीज. 18 च्या रात्री पाणबुड्यांनी टोळीने हल्ला केला. ऑटो क्रेट्श्मरसारखे कप्तान पाण्यावर राहूनच काफिल्याच्या रांगांमध्ये शिरले. 35 पैकी 20 जहाजं गेली. ब्लूबेलचे प्रमुख रॉबर्ट शेरवूड यांच्यापुढचा पेच कल्पनेत आणून पाहा: पाणबुडीमागे धावायचं, की समोर पाण्यात हात हलवणारी माणसं उचलायची? ब्लूबेलने माणसं उचलली. एवढीशी नौका वाचवलेल्या खलाशांनी गच्च भरली.

इथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. त्या काफिल्यात स्कारबरो, फोवी, लीथ या स्लूप होत्या आणि ब्लूबेल, हार्टसीज या कॉर्व्हेट. ‘एससी-7 च्या संरक्षणाला स्लूप होत्या’ हे वाक्य वाचून कुणी ‘ब्लूबेल, फ्लॉवर क्लास स्लूप’ असं लिहून बसलं, तर तो थेट 1915 सालच्या नौकेपाशी पोचतो. आपल्या नोंदीतही असंच काहीसं घडलं असावं, असं मला वाटतं.

या ब्लूबेलचा शेवट आर्क्टिकमध्ये झाला. 17 फेब्रुवारी 1945 रोजी रशियातून परत निघणारा आरए-64 काफिला कोला खाडीतून बाहेर पडत होता. यू-711 या पाणबुडीचा टॉर्पेडो ब्लूबेलला लागला आणि नौका स्फोटात फुटली. नौकेवरच्या सगळ्या माणसांतून एक जण वाचला. फक्त एक.

मला ही नोंद दुरुस्त करायलाच हवी असं वाटलं, ते यासाठी. जी नोंद 1916 आणि 1945 एकाच नौकेच्या खात्यावर मांडते, ती त्या शेवटच्या दिवशी मेलेल्या माणसांना तीस वर्षांच्या म्हाताऱ्या जहाजावर नेऊन बसवते. त्यांची नौका पाच वर्षांचीही झाली नव्हती. आणि कुणी नातेवाईक आपल्या आजोबांची नौका कशी होती हे पाहायला आला, तर त्याच्या हाती भलत्याच नौकेचं चित्र पडतं.

एवढं सारखं का दिसतं

नुसतं नाव सारखं असतं तर घोळ लवकर सुटला असता. गंमत अशी, की पंचवीस वर्षांच्या अंतराने नौदलाने त्याच अडचणीला जवळजवळ तेच उत्तर शोधलं होतं. दोन्ही आराखडे व्यापारी कारखान्यांसाठी, दोन्हींत एकच प्रोपेलर, दोन्हींत चार सिलिंडरचं तिहेरी प्रसरणाचं (तीच वाफ तीन टप्प्यांत वापरणारं) वाफेचं इंजिन. असं इंजिन व्यापारी जहाजांवर काम केलेल्या कुठल्याही मेकॅनिकच्या ओळखीचं असे, म्हणूनच ते निवडलं गेलं. वेगात फार तर एखाद्या नॉटचा फरक. रुंदी तर जवळजवळ तंतोतंत सारखी, सुमारे दहा मीटर. समोरून घेतलेल्या छायाचित्रात रुंदीवरून काहीही ठरवता येत नाही. सुरुवातीच्या कॉर्व्हेटवर सुरुंग काढायचं सामानही बसवलेलं असे, म्हणजे तीही खूण कामाची नाही.

फरक उरतो तो लांबीचा आणि धुराड्यांचा. रुंदी तीच आणि लांबी सतरा-अठरा मीटरने जास्त. त्यामुळे 1915 ची नौका बाजूने सडपातळ, लांबट दिसते, तर 1940 ची आखूड आणि भरदार.

छायाचित्र काय सांगतं

आता संग्रहातल्या चित्राकडे वळू. नौका पुढून, थोड्या तिरक्या कोनातून टिपलेली आहे. पहिल्या नजरेला मध्यभागी एकच जाड धुराडं दिसतं, आणि ‘एक धुराडं म्हणजे कॉर्व्हेट’ असं म्हणून पुढे जावंसं वाटतं. भिंगाखाली धरल्यावर मात्र त्या जाड धुराड्याच्या वरच्या टोकाशी एकाऐवजी दोन कडा दिसतात, एकीमागून डोकावणारी दुसरी. खाली, पुलाच्या (जिथून नौका चालवतात त्या उंच कक्षाच्या) छपराच्या वर, दोघींच्या मधून आकाशाची एक बारीक उभी पट्टी दिसते. ती दोन बारीक धुराडी आहेत. कोनामुळे मागचं पुढच्याच्या आड गेलं आहे.

दुसऱ्या महायुद्धातल्या एकाही फ्लॉवर कॉर्व्हेटला दोन धुराडी नव्हती. अकेशिया गटातल्या नौकांना होती. इथेच छायाचित्राचा प्रश्न मिटला असं म्हणता येईल, तरी मी आणखी दोन गोष्टी पाहिल्या. सुरुवातीच्या कॉर्व्हेटचा पुढचा उंच भाग लवकर संपतो, मग एक खोलगट जागा, आणि पुलाच्या पुढे डोलकाठी. नंतरच्या सुधारणांत तो उंच भाग धुराड्यापर्यंत मागे नेला आणि डोलकाठी पुलामागे गेली. तोफेचा उंच गोल चौथरा मात्र कायम. चित्रातल्या नौकेवर असा चौथरा नाही.

दुसरी गोष्ट पेनंट क्रमांकाची, आणि तिच्यापासून सावध राहायला हवं. चित्रात बाजूवर के-80 लिहिलेलं नाही. पण युद्धकाळात छायाचित्रं प्रसिद्ध करण्याआधी सेन्सॉर असे आकडे पुसून टाकत असत. आकडा दिसला तर तो पुरावा ठरतो. न दिसला तर त्यावरून काही सिद्ध होत नाही.

तेव्हा छायाचित्र 1915 च्या ब्लूबेलचं. नोंदीचा मजकूर अर्धा तिचा, अर्धा दुसरीचा.

याहून अवघड: आर्ब्युटस

ब्लूबेलच्या बाबतीत नशीब चांगलं होतं, कारण पहिली भंगारात गेली आणि दुसरी युद्धात बुडाली. शेवट वेगळे असले की निदान एक धागा हाती लागतो. आर्ब्युटसच्या बाबतीत तोही धागा तुटतो. पहिल्या महायुद्धातली आर्ब्युटस अँकुसा गटातली. डिसेंबर 1917 मध्ये जर्मन पाणबुडीने ती बुडवली. दुसऱ्या महायुद्धातली आर्ब्युटस, पेनंट के-86, फेब्रुवारी 1942 मध्ये जर्मन पाणबुडीनेच बुडवली. नाव तेच, क्लासचं नाव तेच, शत्रूही तोच, शेवटही तोच. ‘फ्लॉवर क्लासची आर्ब्युटस, यू-बोटीने बुडवली’ हे वाक्य दोन्ही नौकांना चपखल लागू पडतं. त्यातच या नावाची तिसरी नौकाही झाली: के-403, सुधारित फ्लॉवर आराखड्याची, 1944 मध्ये न्यूझीलंडच्या नौदलाला दिलेली. अरॅबिसचंही असंच. एका युद्धात ते अख्ख्या गटाचं नाव, दुसऱ्यात दोन वेगवेगळ्या कॉर्व्हेटचं.

ऑब्रिशियाचं उदाहरण मला यात सगळ्यांत धोक्याचं वाटतं. मे 1941 मध्ये यू-110 ही पाणबुडी पकडली गेली आणि एनिग्मा या जर्मन सांकेतिक यंत्राचं साहित्य ब्रिटिशांच्या हाती लागलं. त्या हल्ल्यात बुलडॉग आणि ब्रॉडवे या विनाशिकांसोबत ऑब्रिशिया नावाची फ्लॉवर कॉर्व्हेट होती. ‘ऑब्रिशिया क्लास’ असं शोधायला गेलं, तर मात्र हाती येतात 1916 च्या व्यापारी वेशातल्या स्लूप. ऑब्रिशिया नौका आणि ऑब्रिशिया क्लास यांचा एकमेकींशी काहीही संबंध नाही.

सॅक्सिफ्रेजचं उलटं आहे. 1918 सालच्या सॅक्सिफ्रेजचं नाव 1922 मध्ये प्रेसिडेंट झालं. लंडनला टेम्स नदीत अनेक दशकं नांगरलेली प्रेसिडेंट ती हीच, 2016 मध्ये चॅटमला हलवलेली. तिचं मूळ नाव मोकळं झाल्यामुळे दुसऱ्या युद्धात सॅक्सिफ्रेज नावाची कॉर्व्हेट आली. जुन्या नौकेला शोधायचं तर नव्या नावाने शोधावं लागतं, आणि जुन्या नावाखाली सापडते ती नवी नौका.

फुलांचं नाव नसलेले फ्लॉवर

नावावरून क्लास ओळखायची सवय दुसऱ्या बाजूनेही अडचणीत आणते. कॅनडाने आपल्या फ्लॉवर कॉर्व्हेटना गावांची नावं दिली. आज या प्रकारची एकच नौका शिल्लक आहे, हॅलिफॅक्समधली सॅकव्हिल, आणि तिच्या नावात फुलाचा मागमूस नाही.

मराठी वाचकाला जवळचं उदाहरण रॉयल इंडियन नेव्हीचं. 1945-46 मध्ये तिला चार सुधारित फ्लॉवर कॉर्व्हेट मिळाल्या: आसाम, सिंध, गोंडवाना आणि महरट्टा. त्यांची आधीची नावं अनुक्रमे बगलॉस, बेटनी, बर्नेट आणि चार्लॉक. ‘महरट्टा’ नावाने शोध घेतला की आधी समोर येते ती ब्रिटिश नौदलाची विनाशिका, 25 फेब्रुवारी 1944 रोजी आर्क्टिक काफिल्यात बुडालेली. तिथे क्लास वेगळा, आकार वेगळा, फक्त नाव एक. ब्लूबेलच्या नेमका उलटा गोंधळ. सिंध तर पुढे थायलंडला गेली, प्रासे नावाने. कोरियन युद्धात जानेवारी 1951 मध्ये ती किनाऱ्यावर रुतली आणि संपली. तिच्या जागी थायलंडने अमेरिकेची एक फ्रिगेट (कॉर्व्हेटहून मोठी युद्धनौका) घेतली आणि तिलाही प्रासे हेच नाव दिलं. एका नौकेला तीन नावं, आणि तिसऱ्या नावावर लगेच दुसरी नौका.

इतर क्लास, थोडक्यात

हा रोग फ्लॉवरपुरता नाही. ब्रिटिश नौदलात रिव्हर क्लास म्हणजे 1903 च्या सुमाराच्या विनाशिका, दुसऱ्या महायुद्धातल्या फ्रिगेट, आणि 2003 पासूनच्या टाइन, सेव्हर्न, मर्सी अशा गस्ती नौका. एससी-7 मधले शेरवूड पुढे टे या नौकेवर गेले, ती यांतल्या फ्रिगेटपैकी. ट्रेंट नावाची रिव्हर क्लास फ्रिगेट हिंदुस्थानला मिळून कुकरी झाली आणि 1951 मध्ये सर्वेक्षण नौका इन्व्हेस्टिगेटर. 2020 पासून ब्रिटिश नौदलात पुन्हा एक ट्रेंट आहे, रिव्हर क्लासचीच, पण गस्ती नौका.

कॅसल क्लासचं दुखणं ब्लूबेलसारखंच. लीड्स कॅसल नावाची कॅसल क्लास कॉर्व्हेट 1943 साली पाण्यात उतरली, पेनंट के-384. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला लीड्स कॅसल याच नावाची कॅसल क्लास गस्ती नौका आली, पेनंट पी-258. ती 2010 मध्ये बांगलादेशच्या नौदलात धलेश्वरी झाली. पहिल्या महायुद्धातल्या ट्रॉलरचाही (मासेमारी नौकांच्या धर्तीवरच्या नौकांचाही) एक कॅसल क्लास आहेच.

आयलंड क्लासमध्ये तर देशच बदलतो. ब्रिटिश आयलंड क्लास 1976 पासूनचा, जर्सी, ऑर्कनी वगैरे, सुमारे साठ मीटर लांब. अमेरिकी तटरक्षक दलाचा आयलंड क्लास 1985 पासूनचा, 110 फूट म्हणजे साडेतेहतीस मीटर. दोन्ही गस्ती नौका, दोन्हींना बेटांची नावं, आणि काळही एकमेकांत मिसळलेला. इथे नौदलाचं किंवा दलाचं नाव लिहिल्याशिवाय पुढे सरकूच नये.

नोंद कशी बदलली

मालकांना मी सुचवलं ते इतकंच: क्लासचं नाव ओळख म्हणून एकटं कधीच लिहू नका. त्यासोबत जलावतरणाचं साल आणि प्रकार लिहा, गट असेल तर गट, पेनंट क्रमांक मिळाला तर तोही. आणि शेवट काय झाला याचं साल मिळाल्याशिवाय नोंद पूर्ण झाली असं धरू नका. या प्रकरणात 1930 हे एक साल जरी लिहिलेलं असतं, तरी 1940 चं वाक्य तिच्यापुढे जोडायला कुणाचा हात धजला नसता. जुन्या यादीतल्या एका नोंदीच्या जागी आता दोन आहेत:

‘ब्लूबेल, 1915. ब्रिटिश नौदल. स्लूप, फ्लॉवर क्लास, अकेशिया गट. दोन धुराडी. एप्रिल 1916 मध्ये ऑड अडवलं. 1930 मध्ये भंगारात. छायाचित्र सोबत.’

‘ब्लूबेल, 1940. ब्रिटिश नौदल. कॉर्व्हेट, फ्लॉवर क्लास, के-80. बांधणी फ्लेमिंग अँड फर्ग्युसन, पेझली. ऑक्टोबर 1940, एससी-7. 17 फेब्रुवारी 1945 रोजी यू-711 च्या टॉर्पेडोने कोला खाडीजवळ बुडाली, एक जण वाचला. छायाचित्र हवं आहे.’

मागे पेन्सिलीने लिहिलेलं ‘ब्लूबेल, फ्लॉवर’ तसंच ठेवलं. तोही कागदपत्रांचाच भाग आहे, आणि चूक कुठून सुरू झाली हे पुढच्या माणसाला त्यावरून कळेल. त्याच यादीत आर्ब्युटस नावाच्या दोन नोंदी आहेत, दोन्हींत साल नाही. त्या आता तपासायला घेतल्या आहेत.